भिंतीकडची टोके

पितळेच्या व्यापाऱ्याने मला फसवले. त्याच्या पितळी काठ्यांचा माल करून मी तो रेवसच्या लाँचीच्या तांडेलाला विकला, म्हणून फसवणारा मी ठरलो. तो मुंबईत गादीवर बसून राहिला आणि शिव्या मी खाल्ल्या.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षे. खाडीत लाँची वाढत होत्या आणि एका जुन्या लेथवर मी स्वतःचा कारखाना उभा केला होता. लाँचींचे कॉक, बुशी, दांड्या माझ्याकडून जात. प्रत्येक नगावर माझा शिक्का असे. बापाने मागे काही ठेवले नव्हते. तो शिक्का हीच माझी इस्टेट.

कातकामाच्या पितळेत शिसे घालतात. ते तांब्या-जस्तात विरघळत नाही, बारीक थेंबांनी विखुरलेले राहते, म्हणून लेथवर लांब कीस न निघता भुगा पडतो. रस नीट ढवळला नाही तर तेच शिसे एका जागी गोळा होते. शिवाय उभ्या साच्यात ओतलेल्या काठीचे वरचे टोक शेवटी थिजते, आकसते आणि आत पोकळी धरते. प्रामाणिक ओतारी तेवढे टोक कापून पुन्हा भट्टीत टाकतो.

मी डोळे मिटून माल घेणारा नव्हे. काठीला छिन्नीचा घाव घालून टोक मोडायचे आणि आतला कण बघायचा, ही बाजाराची रीत. मोडलेल्या तुकड्याचा तोटा व्यापाऱ्याच्या अंगावर पडतो, म्हणून ढिगाच्या बाहेर आलेले टोक आणि तेही बोटभरच मोडायचे, हीसुद्धा रीतच.

"मोडा शेठ, तुम्ही थोडेच ऐकणार आहात!" व्यापारी म्हणाला.

"कण चांगला निघाला तरी तुझा भाव मी देणार नाही."

"तुम्ही दारात दिसलात की मी भाव सांगायचंच सोडतो. तुम्हीच सांगून टाका."

कण रव्यासारखा, पिवळा, घट्ट निघाला. मी भाव पाडला आणि तो कुरकुरत कबूल झाला. इतक्या लवकर का झाला, ते आता कळते.

पुढे एकदा भर खाडीत पाणी ओढणाऱ्या जाळीतला कचरा काढायला तांडेलाने इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला. पुन्हा उघडायला गेला तर दांडी तुटून हातात आली. पाणी मिळेना, इंजिन बंद करावे लागले, आणि ओहोटीने लाँच खडकावर नेली. माणसे होड्यांतून उतरवली. लाँचीची फळी फुटली.

तांडेलाने तो तुकडा माझ्या लेथवर आपटला.

"ह्यो शिक्का तुझाच हाय ना?"

"हाय."

"मंग याच्या पोटान काय भरलास? भुसा?"

"तोंड सांभाळून बोल!"

"लाँचीन बायापोरं रडत व्हती. त्यांना जाऊन सांग, तोंड सांभाला म्हून!"

दांडीच्या गाभ्यात काळी पोकळी होती आणि भोवती शिशाचे करडे ठिपके. बाहेरून कातणाऱ्याला पोटातले दिसत नाही. मी उरलेल्या काठ्या काढल्या आणि दुसऱ्या टोकांनी मोडल्या. एकूण एक पोकळ. तोंडे हातोडीने मिटवून वर कानस मारलेली. दुकानात हीच टोके भिंतीला लावून ठेवली होती.

त्या काठ्या घेऊन मी मुंबईला गेलो. व्यापारी म्हणाला, "तुम्हीच मोडून, बघून घेतलीत. मी काय तुमचे डोळे बांधले होते?" मी काठी उगारली. लोकांनी मला धरले, आणि माझ्या हातात काठी दिसली म्हणून सगळा बाजार त्याच्या बाजूचा झाला.

तांडेलाने माझ्याकडे येणे सोडले. त्याच्यामागून बाकीच्या लाँचींनीही. माझा शिक्का दिसला की लोक नग परत ठेवू लागले.

तो व्यापारी अजून धंद्यात आहे. त्याने रेवसच्या धक्क्यावर यावे. लाँच लागलेली असताना, तांडेलासमोर, सगळ्यांच्या देखत सांगावे: ती तोंडे कोणी मिटवली? त्या काठ्या उलट्या कोणी रचल्या? मला त्याचे पैसे नकोत, माफी नको. त्याच्या तोंडून उत्तर हवे आहे.