कडीतून न गेलेले सहा बाण

दुपारी जेवून आडवा झालो की अजूनही ते मैदान डोळ्यांपुढं येतं. झोप पुरती लागलेली नसते, पंख्याची घरघर ऐकू येत असते, आणि मिटल्या पापण्यांच्या आत पडेगावच्या पुढची ती पिवळट मोकळी जमीन हळूहळू पसरत जाते. पलीकडं देवगिरीचा डोंगर उन्हाच्या धुरकट पडद्यात जमिनीपासून सुटल्यासारखा दिसतो. बाण सुटतात, पण आवाज होत नाही. बाण सरळ जातो असं लोकांना वाटतं. तो सरळ जात नाही, पाण्यातल्या मासळीसारखा अंग वळवत जातो. माझ्या डुलकीत तर तो इतका सावकाश जातो की मला त्याची लांबी, पिसं, लाकडाच्या रेषा सगळं मोजता येतं. टार्गेटला पोचायच्या आत मला जाग येते.

माझा जन्म हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षीचा. नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे नेमक्या मापाची अवजारं बनतात तिथं, लेथवरचा टर्नर म्हणून झाली, आणि घर बजाजनगरात. ही गोष्ट घडली तेव्हा वसाहत नवी होती, झाडं गुडघ्याएवढी होती, आणि शहराला आम्ही औरंगाबाद म्हणायचो. धनुष्य मी आयुष्यात कधी ओढलेलं नाही. पण शेजारच्या लाइनीतला एक सहकारी तिरंदाजीच्या जिल्हा संघटनेत होता, आणि माझ्याकडं केसाएवढी जाडी मोजणारं स्वतःचं व्हर्निअर आहे एवढ्या गुणावर त्यानं मला साहित्य तपासणीच्या टेबलावर बसवलं.

हे काम मला लगेच आवडलं. तिरंदाजीत गट माणसांचे असतात तसे साहित्याचेही असतात. एका गटात बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण, नेम धरायला दुसरं काही नाही. दुसऱ्या गटात नेमाचा काटा आणि तोल सांभाळणाऱ्या दांड्या लावलेली महागडी धनुष्यं. दोघांना एका रांगेत उभं केलं तर तो सामना उरत नाही. म्हणून सकाळी आधी माझं टेबल, मग मैदान. बांबूच्या धनुष्यावर आतल्या बाजूला पेन्सिलची खूण सापडली तरी मी ती पुसायला लावायचो, कारण त्या खुणेवरून नेम धरता येतो.

बाणाच्या जाडीलाही नियम होता. टार्गेटवरच्या रंगीत वर्तुळांना रेघा असतात, आणि बाण रेघेला नुसता टेकला तरी आतल्या वर्तुळाचे गुण मिळतात. बाण जितका जाड तितका तो रेघेला टेकायचा संभव जास्त. म्हणून जाडीची मर्यादा ठरलेली. ती तपासायला मी कारखान्यात उरलेल्या पोलादाच्या तुकड्यातून एक कडी केली. भोक अगदी नेमकं, व्हर्निअरनं तीनदा मोजलेलं. बाण टोकापासून पिसांपर्यंत कडीतून सरकला तर पास, अडला तर बाद.

कडी चांगली झाली होती, पण दिसायला मळकी होती. त्या वर्षीच्या निवड स्पर्धेला पाहुणे येणार होते. माझ्या मनात आलं, टेबलावर ठेवायची वस्तू जरा दिसावी. स्टेशनकडं एकजण स्कूटरच्या भागांना निकेल चढवायचा, त्याच्याकडं मी ती दिली. दोन दिवसांनी ती सोनाराच्या दुकानातून आल्यासारखी हातात पडली. मी ती खिडकीत धरून बघत बसलो. तिच्या आतून बजाजनगरचं आभाळ गोल आणि गार दिसत होतं.

मुलामा बाहेरून चढतो तसा आतूनही चढतो. भोक तेवढं लहान होतं. ही गोष्ट आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. मी ती दुसऱ्यांना शिकवलेली होती. आणि तरी मी कडी पुन्हा मोजली नाही.

स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांनी ती बोटात अंगठीसारखी फिरवून पाहिली. मुख्य पंच म्हणाले, ही राज्याच्या स्पर्धेला पाठवू. मी लाजल्यासारखं केलं.

मुलींच्या बांबू धनुष्याच्या गटात पाचोडची एक मुलगी होती, विशीच्या आतली. बरोबर तिचे वडील. ते खरादी, म्हणजे लाकूडकाम करणारे टर्नर. बाजेचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब खरादावर उतरवायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. मुलीचे सहा बाण त्यांनी स्वतः केले होते. नियमाचं पुस्तक कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं, आणि नियम जेवढी जाडी देतो तेवढी पुरेपूर घेतली होती, केसभर कमी नाही की जास्त नाही. बाकी सगळ्यांचे बाण बारीक होते, ते कडीतून घसरत गेले. हिचा पहिला बाण पिसांच्या अलीकडं अडला. दुसरा अडला. सहाही अडले.

वडिलांनी शांतपणे खिशातून लोखंडाची एक पट्टी काढली. तिला एक भोक पाडलेलं होतं. शहरातल्या एका वर्कशॉपमधून ते मापात पाडून आणलंय, असं त्यांनी सांगितलं, आणि बाण त्यातून सरकवून दाखवला.

"साहेब, हितून तर जातंय बघा."

मागं उभा असलेला एक प्रशिक्षक हसून म्हणाला, "चाचा, भोक तुमचं, बाण तुमचा. मग जाणारच की."

दोघंतिघं हसले. आणि मी, एक टर्नर दुसऱ्या टर्नरला, म्हणालो, "ही पट्टी बाजारातली आहे चाचा. ही कडी टूलरूमची आहे."

त्यांनी पट्टी खिशात घातली. सहा बाण लाल दोऱ्यानं बांधून मी टेबलाच्या कडेला ठेवले आणि वहीत लिहिलं, जाडी जास्त, बाद. मुलीला दुसऱ्या संघाकडून बाण उसने मिळाले. वजन वेगळं, लवचीकपणा वेगळा. तिचं धनुष्य त्या बाणांना ओळखत नव्हतं. ते डावीकडं जात राहिले.

जेवणाच्या सुट्टीत मांडव रिकामा झाला. वारा पडला होता. टेबलावरच्या वहीची पानंसुद्धा हलत नव्हती. मी सहज म्हणून त्या जुडीतला एक बाण ओढला आणि व्हर्निअर लावलं. नियमात. टोकाकडं, मधे, पिसांपाशी, सगळीकडं तेच माप. दुसरा घेतला, तिसरा घेतला. लाकूड इतकं एकसारखं उतरवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मग व्हर्निअरचे आतले जबडे कडीत घातले. केसाच्या जाडीएवढी ती आवळली होती.

मला ते कळायला एक क्षणसुद्धा लागला नाही. मुख्य पंच दहा पावलांवर हात धूत होते. अर्धे बाण मारायचे बाकी होते. मी उठून एक वाक्य बोललो असतो तर तिचे बाण तिला परत मिळाले असते. सकाळचा डाव कदाचित पुन्हा घ्यावा लागला असता, लोक चिडले असते, पाहुण्यांपुढं मिरवलेली कडी हसण्यावारी गेली असती. मी कडी खिशात घातली. ती अंगाला गार लागली, एवढं मला स्पष्ट आठवतं. त्यानंतरची दुपार स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते. पांढरं ऊन, रांगेत उभ्या मुली, एकदम वर जाणारे कोपर. आणि मांडवाच्या कडेला ते वडील, मी परत दिलेली जुडी सोडून उकिडवे बसलेले. आपला एकेक बाण पट्टीतून घालत होते, काढत होते, मग अंगठा बोटांवर घासत स्वतःच्या हाताकडं बघत होते.

राज्य स्पर्धेला दोघी निवडल्या गेल्या. ती तिसरी आली.

जाताना वडील माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "माझाच हात चुकला असंल साहेब. तुमचा टाइम गेला, माफ करा."

मी म्हणालो, "होतं असं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी कडीचं आतलं निकेल घासून काढलं आणि माप बरोबर केलं. त्यानंतर ती कधीच चुकली नाही. पुढं बरीच वर्षं ती वापरली, आणि दर वर्षी तिचं कौतुक झालं.

गेल्या हिवाळ्यात संघटनेच्या नव्या मंडळींनी स्मरणिका काढायचं ठरवलं. जुन्या लोकांनी आठवणी द्याव्यात, मी त्या कडीवर लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. चार दिवस कागद घेऊन बसलो. लेखणी त्या दुपारपाशी येऊन थांबायची. शेवटी जे खरं वाटलं ते चार ओळींत लिहिलं, घडी खिशात घातली आणि पाचोडची बस धरली.

बाजाराचा दिवस होता. खरादी चाचांचं घर कुणीही दाखवलं. दार मुलीनंच उघडलं. आता तिचे केस पांढरे होत आलेत, पैठणच्या एका शाळेत खेळ शिकवते, सुट्टीला वडिलांकडं येते. मी कोण ते सांगितलं, तर माझ्याकडं बघून म्हणाली, "कडीवाले काका."

उभ्या उभ्याच मी तिला सांगितलं की कडी चुकीची होती. मग तिनं आत घेतलं, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत पाठमोरीच राहून सांगत गेली. निवड हुकली त्याचं तिला दोन-चार वर्षांनी काही वाटेनासं झालं. पण गावात पोरं मागून "जाडा बाण" म्हणून ओरडायची. आणि अब्बांनी त्यानंतर बाण केला नाही. पाळण्याचे खांब करायचे, पण जोडीतले दोन खांब दहादा शेजारी धरून बघायचे. हात चुकतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मी विचारलं, तिची निवड व्हायला हवी होती, असंही लिहू का.

"नाय काका," ती म्हणाली. "कोण निवडलं गेलं असतं ते तुम्हाला बी माहीत नाय, मला बी नाय. त्या दोघींनी आपल्या बाणांनी मारलं. त्यांना हात नका लावू. आमचे बाण बरोबर व्हते, एवढंच लिहा. आन् ते अब्बांना वाचून दाखवा."

चाचा मागच्या अंगणात बाजेवर बसले होते. नजर गेली आहे, कान शाबूत आहेत. मुलीनं त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांनी मला बाजेवरच बसायला जागा केली. ऊन कौलांवरून उतरून पायांपर्यंत आलं होतं. मी कागद उघडला आणि वाचला. "त्या स्पर्धेत पाचोडच्या मुलीचे सहा बाण बाद झाले. ते सहाही बाण नियमात होते. कडी चुकीची होती. ही चूक माझ्याकडून नकळत झाली."

ते ऐकत होते. मग म्हणाले, "नकळत."

मी म्हणालो, "हो. निकेल चढवल्यावर मापायची राहिली."

"ते समजलं. हुता है, मेरेसे बी हुवा है." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पन तुम्हाला कळलं कवा?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता, कारण उत्तर ठाऊक होतं.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "जेवणाच्या सुट्टीत."

मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे माझे अर्धे बाण मारायचे व्हते, तवा?"

"हो."

तिनं कप खाली जमिनीवर ठेवले. बाजाराकडून भोंग्याचा आवाज येत होता, कांद्याचा भाव सांगणारा, आणि तो फार लांबून, दुसऱ्याच कुठल्या दुपारीतून येतोय असं वाटत होतं. चाचांचा अंगठा बोटांवर फिरत होता.

"मग तो लफ्ज काढा," ते म्हणाले.

मी पेन काढलं. नकळत या शब्दावर रेघ ओढली. त्या शब्दाच्या वर बारीक अक्षरात लिहिलं की मला हे त्याच दुपारी कळलं होतं, वेळ होता, आणि मी गप्प बसलो. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. चाचांनी मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मीही मागितलं नाही.

निघताना मी मुलीला म्हणालो, घरी जाऊन स्वच्छ कागदावर पुन्हा लिहून काढतो. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, एकदा वाचला आणि परत दिला.

"नको," ती म्हणाली. "खोडलेलं दिसू द्या."

मी तो तसाच पाठवला.