तीन नंबरची ट्यूब

कॉलेजच्या जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं काम काचसामान धुण्याचं. तिथं संशोधन करणारी एक मुलगी फुलंब्रीहून रोज बसनं यायची. मला मावशी म्हणायची. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण तिला विचारून विचारून मी लई काही शिकून घेतलं.

तिच्या आठ ट्यूबा होत्या. रोज सकाळी कालच्या ट्यूबमधले दोन थेंब आजच्या ताज्या पाण्यात टाकायचे. त्या पाण्यात दुधातली साखर, बाकी खाणं बेताचंच. अन् जंतू असे, की ती साखर फोडणारा त्यांचा मूळ एंझाइम काढून टाकलेला. दुसरा एक होता, पण त्याला ते काम धड येत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या बदलत तो शिकतो का, एवढंच बघायचं होतं.

महिने गेले. मग पाच नंबरची ट्यूब एकदम गढूळ, घट्ट व्हायला लागली.

"मावशी, ह्याला जमलं! अन् साखर फोडता फोडता हा थोडी निराळीच साखर तयार करतो. ती जाऊन दुसऱ्या जनुकाचं बटण दाबते. ते चालू झालं की साखर आत घ्यायचं दार तयार होतं."

"म्हणजे काम पण हाच करतो, अन् दार उघडा म्हणून निरोप पण हाच धाडतो?"

"व्हय. आता तुम्हीच लिहा माझा प्रबंध."

पुढं तिच्या चुलतभावाचं लग्न निघालं. एका दिवसाचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. बाहेरचे जंतू पडू नयेत म्हणून बर्नरजवळ हात कसा धरायचा ते मला येतच होतं. बाकीच्या सातही ट्यूबा नीट झाल्या. कालची तीन नंबरची तेवढी अगदी पातळ दिसली. घरी दही असं पातळ लागलं, की मी शेजारणीकडून घट्ट दह्याचं विरजण आणते. हात तसाच वळला. पाच नंबरमधले दोन थेंब तीनच्या नव्या ट्यूबमध्ये टाकले अन् वर मनात म्हटलं, पोरीचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी ती हळदीच्या हातानंच आली. ट्यूब उजेडात धरली अन् ओरडली, "मावशी, तीन नंबरनं पण जमवलं!" तिच्या गाईड मॅडमना सांगायला दाराकडं पळाली सुद्धा.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. पण ते खोटं तिच्या नावानं छापलं गेलं असतं.

"थांब गं बाई. ते मी केलंय."

पाच नंबरच्या विरजणाचं ऐकून ती स्टुलावर बसली. रागावली नाही, तेच जड गेलं. "मावशी, ती पातळ राहती का घट्ट होती, ते तिचं तिलाच ठरवू द्यायचं होतं. एवढ्या महिन्यांची तीन नंबर गेली."

"गेली कशी? आधीची जुनी हाय की."

"धुतली नाय तुम्ही?"

आजचं दही लागल्याशिवाय कालचं भांडं मी घासत नाही. ट्यूबांचंही तेच करायचे, अन् त्यावरून शिपाई मला चिडवायचा. धुवायच्या टोपलीत तळाशी जुनी तीन नंबर होती. तिनं बूच काढलं, बर्नर पेटवला अन् दोन थेंब स्वतः ताज्या पाण्यात टाकले. माझी घट्ट ट्यूब जंतू मारायच्या कुकरमध्ये गेली. वहीत तिनं झालेली चूक तारखेसकट लिहिली, मला वाचून दाखवली.

तीन नंबर शेवटपर्यंत पातळच राहिली. प्रबंधात तसंच आहे.