सिस्टरांचं दार चुकवलं तो दसरा

एका दसऱ्याला मी सबंध गल्लीला सोनं वाटलं आणि सुमन सिस्टरांच्या दारावरून तेवढी, पिशवी पदराआड करून, पुढं निघून गेले. वेंधळेपणानं नव्हे, चांगला विचार करून. विचार करणं हा तेव्हा माझा मोठाच दुर्गुण होता. पंचेचाळिशी उलटलेली, महिला मंडळाची मी चिटणीस, आणि गारगोटीत आपल्याइतकं समंजस कुणी नाही अशी माझी पक्की खात्री.

सिस्टर गेल्या त्याला आता दीड महिना होईल. त्या दिवशी सकाळीच त्यांच्या करुणाचा फोन आला, "काकू, आई गेली..." आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं?" आम्हाला न सांगता त्या कधी कुठं गेल्याच नव्हत्या, म्हणून असेल.

गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, नोकरी सरकारी दवाखान्यात. ड्यूटीवर जाताना रोज सासूबाईंना इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला यायच्या. आधी सुई, मग चहा, मग दोघींनी मिळून माझी टवाळी. पुढं सासूबाई गेल्या, माझी साखर वाढली, सिस्टर रिटायर झाल्या, पण सकाळची फेरी काही सुटली नाही. मी डोळे गच्च मिटून दंड पुढं करायची. "चिटणीसबाई, भाषणात एवढं वरडताय, आन् सुईला भेताय व्हय?" म्हणेपर्यंत सुई टोचून झालेलीसुद्धा असायची.

तर तो दसरा, सासूबाई होत्या तेव्हाचा. सकाळी सिस्टर पांढरं पातळ नेसून विहारात वंदनेला जाऊन आल्या होत्या. त्यांचा हा धम्मदीक्षेचा दिवस. संध्याकाळी माळावर सोनं लुटून झालं आणि मी पिशवीभर आपट्याची पानं घेऊन घरोघर निघाले. सिस्टर दारातच उभ्या. माझं डोकं चालू झालं... ह्यांनी जुने देवधर्म सोडलेले, पान पुढं केलं तर नको म्हणायला त्यांना अवघड, घ्यायलाही अवघड. त्यांना विचारावं, हे मात्र एवढ्या विचारात कुठंच बसलं नाही. "काय सिस्टर, जेवण झालं का?" म्हणून मी सटकले. दिवेलागणीला, जेवण!

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, सुई दिली, चहाला थांबल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "सगळ्या गल्लीला सोनं दिलंस. जिच्या हातावर मी जगतोय, तिचंच दार चुकलीस की गं."

"अहो, त्यांच्यात चालत नसेल..."

"इचारलंस?"

सुई द्यायला सिस्टर येतच राहिल्या असत्या, कामाला त्या पक्क्या. पण सुई देऊन न बोलता पायऱ्या उतरणारी सिस्टर मला बघवेना. त्या उठून गेल्यावर भरलेला कप तसाच निवत राहायचा, आणि त्याच्याशेजारी माझाही.

पाचव्या दिवशी दुपारी गेले. पानं एव्हाना वाळून वळलेली. चौकटीत उभं राहून मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, तुमच्या भावना, आमची परंपरा... सिस्टर विळीवर दोडका चिरत होत्या. त्यांनी दोन-तीन वाक्यं ऐकून घेतली, मग उठल्या, हात पुसले, पानं माझ्याकडून घेऊन नीट कपाटावर ठेवली आणि म्हणाल्या,

"ताई, पानाचं काय न्हाय. त्या दिशी तुमच्यासाठनं खीर करून मी दारात थांबलतो. तुम्ही आत आलाच न्हाईसा. पाच दिस माझ्या डोक्यात एकच... सासूला माझ्या हातची सुई चालती, आन् सुनंला माझ्या हातची खीर चालत न्हाय. बसा आता खाली. दूध हाय घरात."