परबसरांचा अख्खा तास

मालवणकडच्या आमच्या हायस्कुलातली पोरं कुठेही भेटली की परबसरांचे किस्से निघतातच. आधी आम्ही हसतो. मग कोणीतरी विषय बदलतं.

सर गणिताचे. आठवी ते दहावी एकटेच, दुसरी जागा कायम रिकामी. मी त्याच गणितात नापास होऊन शाळा सोडली. पण माझा राग सरांवर नाही.

शिकवतानाचा फोटो रोज वर पाठवा, असा आदेश होता. शाळेत रेंज नाही. मग सर खडू धरून फोटो काढून घेत आणि तो पाठवायला मागच्या सड्यावर, उंच कातळाच्या माळावर, चढत. एकदा संस्थेचे अध्यक्ष, भाऊ, अचानक वर्गात आले.

"परब खंय गेलो रे?"

"शिकवतानाचो फोटो पाठवूक गेलेत!"

"बरा," भाऊ म्हणाले, "म्हणजे काम चालू आसा."

एका पावसात नववीच्या वर्गाची कौलं उडाली. नववी आमच्या दहावीच्या वर्गातच आणून बसवली. त्यांची तोंडं एका भिंतीकडे, आमची दुसरीकडे, मध्ये सर. दोन्हीकडे ओरडून ओरडून त्यांचा आवाज गेला. भाऊंनी कौलं दिली नाहीत, पण गेटावर स्वतःच्या वडिलांच्या नावाची कमान उभी केली! हेडसरांनी मात्र लक्ष घातलं. म्हणाले, "परब, मिठाच्या गुळण्या करा."

ऐन परीक्षेआधी सरांना मतदारयादीच्या कामाला जुंपलं. फिरत फिरत आमच्या दारात आले.

"बसा मास्तरानू, च्या घेवा," बाबा म्हणाले. "मगे वर्गार कोण आसा?"

"कोणी नाही."

"चलता! आमचो तरी खंय शिकता!"

बाबा खो खो हसले. मी तिथेच होतो, गणिताचं पुस्तक उघडून. सर हसले नाहीत.

मी कुडाळला गॅरेजात लागलो आणि हेडसरांचा फोन आला. दहावीची निम्मी पोरं नुसती पटावर, जातात मासेमारीच्या बोटींवर. तपासणीला साहेब येणार. बाकं रिकामी दिसली तर परबसरांची जागा जाणार, मग गणिताला कोणीच नाही.

"बोटीर गेलेल्या सुहासचो युनिफॉर्म घाल आणि त्याच्या नावान बस. परबांसाठी कर रे!"

खोटं बोललं म्हणून आम्हाला उन्हात उभं करणारा हाच माणूस!

गेलो. सर वर्गात आले, मला बघितलं आणि खडू उचलला.

साहेब मागच्या बाकावर बसून होते. त्यामुळे शिपाई निरोप घेऊन आला नाही, फोटो नाही, भाऊंची हाक नाही. सरांनी अख्खा तास सलग शिकवलं. वर्गसमीकरणं. असा तास मी त्या शाळेत कधी बघितलाच नव्हता.

शेवटी साहेबांनी स्वतः फळ्यावर गणित घातलं. "कोण सोडवेल?"

एकच हात वर झाला. माझा. उत्तर बरोबर आलं.

"शाब्बास! नाव काय तुझं?"

मी सरांकडे बघितलं. सर पाठ करून फळा पुसत होते.