हलक्या धक्क्याची बंदूक

अर्विड कांगासला माणसं बिचकून असत, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. दारातून वाकून आत यावं लागेल अशी उंची, लाकडाच्या गिरणीत ओंडके लोळवून झालेले खांदे, आणि डावा डोळा काचेचा. सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या गावात त्याच्या वाटेला जायच्या फंदात कोणी पडत नसे. पण या धिप्पाड माणसाने उभ्या जन्मात कोणावर हात उगारला नव्हता. पोरी वाढल्या, लग्नं होऊन गेल्या, एकीलाही कधी चापट बसली नाही. हे आपोआप झालं नव्हतं. बापासारखं व्हायचं नाही, एवढा एकच नेम त्याने लहानपणी धरला होता आणि जिवापाड पाळला होता.

बापाचं नाव तौनो. पोराच्या हाती पहिल्यांदा बंदूक देताना शहाणी माणसं हलकी बंदूक देतात. तौनोने आपली थ्री-हंड्रेड मॅग्नम दिली. ती मागे अशी लाथ मारायची की जाणत्या गड्यानेही खांदा चोळत बसावं. अर्विड तेव्हा अकरा वर्षांचा. पहिल्याच बाराला बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड भुवईत घुसली आणि तोंड रक्ताने भरलं. तौनोने मूठभर बर्फ जखमेवर थापला. म्हणाला, "रडतोस काय मुळूमुळू? भर दुसरी."

दुसऱ्या बाराला पोराने डोळे मिटले. पुढे पुढे तर चाप ओढायच्या आधीच त्याचं अंग आक्रसायला लागलं. शिकारीच्या एका हंगामात त्याची गोळी हरणीच्या फुप्फुसात बसायची, ती जबड्यावर बसली. जबडा लोंबत होता, तोंडातून रक्ताची धार लागली होती, आणि ती हरणी पडेना, नुसती बघत उभी. तौनोने सुरी पुढे केली. "तू घाण केलीस, तूच निस्तर." पोराने ते निस्तरलं. एका घावात जमलं नाही, चार-पाच लागले. त्या संध्याकाळी कमरेचा पट्टा निघाला आणि पट्ट्याच्या बकलाने डावा डोळा गेला. डॉक्टरला सांगितलं, फांदी लागली. गावाने माना डोलावल्या. माना डोलावणारी गावं जगात सगळीकडे सारखीच, आणि सगळीच पापाची वाटेकरी.

तरी दर नोव्हेंबरात अर्विड शिकारीला बापाच्या रानातल्या खोपटावर जात राहिला. का, ते विचारू नये. बाप तो बाप.

आणि या वसंतात उरलेल्या उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तो कसाबसा सांधला आणि स्पष्ट सांगितलं, "डोक्याला हादरा बसता कामा नये. मोठी बंदूक विसरा. हरणाला जायचंच असेल तर अगदी हलक्या धक्क्याचं काडतूस बघा. हा डोळा गेला तर मी काही करू शकणार नाही."

मर्नाचा, म्हणजे बायकोचा, भाऊ डेल घरच्या घरी काडतुसं भरायचा. त्याने दोन बंदुका आणल्या आणि वाळूच्या खाणीत टेबल मांडलं.

"आधी ही सेव्हन-एमएम बघ. मॅग्नमच्या मानाने लोणी आहे, लोणी."

अर्विडने बार काढला. धक्का खरंच कमी होता, पण डोळ्याच्या कडेला बारीकशी ठिणगी चमकून गेली, पडदा फाटला तेव्हा चमकली होती तशीच. त्याने बंदूक खाली ठेवली. "डेल, उजेड दिसला."

"मग खलास. ती नको. ही टू-फॉर्टी-थ्री घे."

"ही तर पोरीबाळींची."

"लेका, हरीण काय खांद्यावरचा वळ बघून मरतं? गोळी कुठे बसली ते बघून मरतं! फक्त एवढं ध्यानात ठेव, ही गोळी छोटी. हाडावर मारायची नाही, खांद्याच्या मागे फुप्फुसात. हरीण तिरकं उभं असेल तर मुकाट्याने सोडून द्यायचं."

पाठीत कोणी प्रेमाने ढकलावं, तेवढाच धक्का बसला. ठिणगी नाही, काही नाही. तीन गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा अर्विडने आपली गोळी कागदात शिरताना पाहिली, कारण डोळा उघडा होता. त्याला भरून आलं. डेल शहाणा, तो काडतुसं मोजायला लागला.

हंगामाच्या आदल्या दिवशी दोघं खोपटावर पोचले. तौनो ऐंशीचा, पण काठीसारखा ताठ. सकाळपासून मॅग्नमचा नेम लावत बसला होता. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या दारापुढच्या टेबलावर पडल्या होत्या. खोपटात नियम असा, की ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचं शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कापून भिंतीला ठोकायचं. भिंतीवर अर्विडच्या शेपटांची रांग होती. तौनोचं एकही नव्हतं. त्याचा नेम चुकत नसे असं नाही, पण कधी दुर्बीण हललेली असायची, कधी ऊन डोळ्यांवर यायचं. नाचता येईना अंगण वाकडं! पण हे त्याच्या तोंडावर म्हणणार कोण?

त्याने नवी बंदूक पाहिली. "ही कसली? खारी मारायची?"

"हरणासाठीच आहे, इसा." घरात बापाला फिनिशमध्ये इसाच म्हणत.

"मर्नाची उचलून आणलीस होय? मग तिचा झगा पण घालून यायचास."

डेल म्हणाला, "तौनो, डॉक्टरांनी सांगितलंय. त्याचा डोळा जाईल."

"डॉक्टर बाई आहे ना? बाई दुसरं काय सांगणार!" असं म्हणत तौनोने ती बंदूक नळीला धरली आणि दारापुढच्या खडकावर आपटली. दस्त्याचे दोन तुकडे झाले, दुर्बिणीची काच बर्फात सांडली. मग मॅग्नम अर्विडच्या छातीवर आदळून तो म्हणाला, "ही घे. एक बार काढ. नाहीतर उद्या इथे बसून बटाटे सोल."

अर्विडने ती घेतली. तो टेबलाशी गेला, पाठ वळवली, आणि काडतुसाच्या जागी एक रिकामी पुंगळी आत सारून खटका लावला. हे त्याने का केलं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"आधी तुम्ही दाखवा, इसा. मी बघून शिकतो."

तौनो खूश झाला. ऐटीत बसला, दस्ता खांद्याला लावला, चाप ओढला.

टिक्.

बार झाला नाही, पण तौनोचा खांदा उडाला, डोळे घट्ट मिटले आणि नळीचं तोंड खाडकन जमिनीकडे गेलं. घशातून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. म्हातारा जन्मभर त्या बंदुकीला भीत आला होता. जी भीती पोराच्या अंगात मुरली म्हणून त्याचा डोळा फोडला, तीच भीती त्याच्याही हाडात होती.

डेलला हसू फुटलं. फुटायला नको होतं, पण फुटलं.

तौनोने खटका मागे ओढला. रिकामी पुंगळी खाली पडली. त्याने ती पाहिली, बंदूक उलटी धरली आणि दस्ता सरळ अर्विडच्या चांगल्या डोळ्याच्या रोखाने हाणला. अर्विडने हात मध्ये घातला. मनगटाचं हाड कडकन वाजलं.

मग त्याने दुसऱ्या हाताने बापाला मारलं. ठोसा तोंडावर बसला, कवळी बर्फात उडाली, म्हातारा उताणा पडला. एकच मारला असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण खोटं कशाला बोला? तो छाताडावर बसला आणि मारतच राहिला. ओठ फाटले, नाक एका बाजूला गेलं. वाईट हे, की मारताना त्याला बरं वाटत होतं. फार बरं. डेलने मानगूट धरून खेचला तेव्हा कुठे तो थांबला.

तौनो कोपरावर उठून बसला. रक्ताने माखलेलं बोळकं उघडून तो हसत होता.

"शाब्बास!" तो म्हणाला. "आत्ता कसा कांगासचा पोर वाटलास!" आणि हात वर करून त्याने अर्विडचा गाल थोपटला. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

म्हाताऱ्याचं नाक डेलने बांधलं. अर्विड गाडीत जाऊन बसला आणि दिवस मावळेपर्यंत तिथून हलला नाही.

घरी मर्ना दारातच उभी होती. सुजलेलं मनगट तिने पाहिलंच नाही, आधी दोन्ही हातांनी त्याचं तोंड दिव्याकडे वळवलं. "डोळा? डोळ्याला तर काही झालं नाही ना?"

"डोळा शाबूत आहे," अर्विड म्हणाला. "मर्ना, मी म्हाताऱ्याला मारलं. आणि तो खूश झाला गं."