शेणावरची लाईट

शेण गोळा करायला वणवण फिरावं लागतं, किस्से मात्र आपोआप दारात येऊन पडतात! आमचं बाजाराचं गाव गोरेगाव, त्याच्या अलीकडे आमच्या गावाचा गोबरगॅस प्लांट आहे आणि मी तिथला ऑपरेटर. शेण टाकीत जातं, गॅस निघतो, गॅसवर जनरेटर चालतो आणि त्या विजेवर माळावरच्या तांड्याची पाण्याची मोटर; वीज उरली तर गावातल्या घरांना लाईट. मोटर बंद पडली की तांड्यातल्या बायका घागरी घेऊन खालच्या विहिरीवर! एवढी सरळ गोष्ट आहे. पण ती सरळ राहू देतील तर ती आमची माणसं कसली!

*

उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते. सरपंचांनी फर्मान काढलं, "वास यायला नको!" झालं! सगळे गोठे फिनेलने धुतले आणि ते शेणपाणी मोठ्या हौसेने आमच्याच टाकीत ओतलं. शेण कुजवणारे जंतूच मेले, गॅस बंद!

साहेबांनी बटण दाबलं, लाईट लागली, टाळ्या पडल्या. मांडवामागे भाड्याचा डिझेल जनरेटर धडधडत होता.

पुढे कित्येक दिवस बायका विहिरीवर. मी चिडून सरपंचांना गाठलं, तर शांतपणे म्हणतात, "पन वास आला का?"

*

आमचे खाजाभाई जनरेटरही बघतात आणि शेणाचा टेम्पोही चालवतात. एकदा टेम्पो पंक्चर झाला, गावात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. एकाही घराने शेण दिलं नाही. तिन्हीसांजेला शेण घराबाहेर गेलं की लक्ष्मी जाते म्हणे!

खाजाभाई काकुळतीने म्हणाले, "काकू, लाईटसाठीच तर नेऊन राहिलो."

काकूंनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "सकाळी या. लक्ष्मी घरात आली आता."

"बराबर," खाजाभाई म्हणाले, "आन् तांड्यातली लक्ष्मी सकाळी घागर घेऊन विहिरीवर जाईल!"

*

सरपंचांचे थोरले भाऊ अण्णा. प्लांटची लाईट घ्या म्हणून सांगायला गेलो, तर म्हणाले, "शेणाची लाईट देवघरात? न्हाई चालायची!"

मी खाली बघितलं. अंगण नुकतंच शेणाने सारवलेलं, वर रांगोळी. माझं डोकंच फिरलं. "अण्णा, हे अंगण कशानं सारवलंय?"

"ते गाईचं हाय. तुमच्या टाकीत म्हशीचं बी असतंय!"

हे बोलताना अण्णा म्हशीच्या दुधाचा चहा फुंकून फुंकून पीत होते.

*

पाहणीला एक अधिकारी आले. "प्लांट कमी का चालतो?"

"साहेब, जनावरंच कमी झाली. लोकांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतले."

साहेबांनी गंभीरपणे विचार केला. "मग ट्रॅक्टरवाल्यांकडून जमा करा!"

काय जमा करू? ऑईल?

*

परवा सरपंचांच्या मुलाचं लग्न होतं. भर उन्हाळा, त्यात गावची लाईन गेलेली. सरपंचांनी मला न विचारता तांड्याच्या मोटरची वायर काढली आणि डीजेला जोडली! मी भांडलो, तर म्हणाले, "एका दिवसात तांडा काय मरून राहिला का?" अंगाचा नुसता तिळपापड झाला. लेकरं तहानलेली आणि इथे पोरं नाचतायत!

थोड्या वेळाने तांड्यातल्या कमळाबाई आल्या. टाकीतलं निम्मं शेण त्यांच्याच गोठ्यातलं. मागे बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर शेणाची पाटी. थेट मांडवात शिरल्या आणि पाट्या डीजेपुढे मांडून ठेवल्या. डीजे गप्प झाला. कडक इस्त्रीतले सरपंच धावत आले, "हे काय लावलं?"

"लाईट पायजे नं तुमाला?" कमळाबाई म्हणाल्या. "शेण आनलं आमी. पन कालवायला पानी लागतंय, ते न्हाई आमच्याकडं."

आणि काखेतली रिकामी घागर त्यांनी सरपंचांच्या हातात दिली.

"विहीर खाली हाय. जाऊन या. तवर वरात थांबवतो आमी."