पौर्णिमेच्या आत चियांग माई

चूक माही होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी बोट दाखवायले नको.

मी धर्मपाल. अकोल्यात पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं फायली सांभाळल्या, अन् निवृत्त झाल्यापासून आमच्या विहाराचा सचिव आहे. यंदा विहारातल्या अकरा जणांनी ठरवलं, थायलंडले जायचं. बँकॉकले नाही, वर उत्तरेले, चियांग माईले, जुने विहार पाहायले. पाच दिवस. नियोजन सगळं माह्यावर, अन् नियोजन म्हटलं की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. वहीत रकाने पाडले. कोणत्या दिवशी कोणता विहार, डोंगरावरच्या स्तुपाले किती वाजता निघायचं, कोणाचे गुडघे दुखतात, कोण मासे खात नाही, सगळं. अमरावतीचा एजंट म्हणाला, काका, कार्तिक पौर्णिमेले तिथं आकाशात कंदील सोडायचा मोठा सण असतो, त्याच्या आगेमागे खोल्या मिळत नाहीत, तुमी पौर्णिमा झाल्यावर जा. मले पटलं. मी तारखा टाकल्या अन् सगळ्यांले चहा पाजून त्या मंजूर करून घेतल्या.

त्या अकरात एक नाव माह्या मोठ्या बहिणीचं होतं. दुर्गाबाई. आमी घरचे तिले नुसतं बाई म्हणतो. खरं सांगतो, तिचं नाव मी सगळ्यांत शेवटी लिहिलं होतं. एका खोलीत दोघं असतात, अन् आमच्यातल्या चतुराबाईले जोडीदारीण पाहिजे होती, म्हणून.

बाई अडुसष्ट वर्षांची आहे. आमी मूळचे वलगावचे. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची, अन् बाई चौथीतून शाळा सोडून तिच्या मागं मागं. लग्न होऊन अकोल्यात आली, नवरा लवकर गेला, तेव्हा जठारपेठेत नबी मास्तरांच्या दुकानात काज-बटनं करायले लागली. मास्तर मोठे कडक. एक टाका वाकडा दिसला की अख्खी शिवण उसवायले लावत. बाई म्हणते, पहिली दोन वर्षं मी शिवलं कमी अन् उसवलं जास्त. मंग तिनं स्वतःची मशीन घेतली, पायानं चालवायची. त्या मशीनवर मी बी.कॉम. झालो. हे मी लोकांले सहसा सांगत नाही. सांगायले पाहिजे होतं.

अन् बाई चीवर शिवते. लोकांले वाटते, भिक्खूंचं चीवर म्हणजे रंगवलेलं धोतर. तसं नसते, बाप्पा. ते तुकडे जोडून करतात. पाच उभे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात एक लांब तुकडा अन् एक आखूड, मधात दुहेरी शिवणी, चारी बाजूंनी किनार. मगधातली शेतं अन् त्यांचे बांध पाहून तथागतांनी आपल्या शिष्याले, आनंदाले, तसं वस्त्र करायले सांगितलं, असं सांगतात. आपल्या वऱ्हाडात बांधाले धुरा म्हणतात, म्हणून बाई त्या शिवणींले धुरेच म्हणते. चाळीस वर्षांपासून शिवून राहिली आहे. अकोला, अमरावती, वाशीम, कुठंही जा, तिच्या हातचं चीवर पांघरलेले भंते भेटतील. पण तिचं नाव कोणत्याच कार्यक्रमपत्रिकेवर नाही. पत्रिका मीच छापतो.

तारखा ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घरी आली. पाणी प्यायली अन् म्हणाली, "धर्मा, माहं नाव काट."

मी विचारलं, काहून? तर निघालं ते असं. आमच्या विहारात यंदा वर्षावासाले, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने मुक्कामाले, भंते धम्मदीप होते. ते चियांग माईजवळच्या एका खेड्यात तीन वर्षं शिकले. त्या खेड्यात वर्षातून एकदा सगळं गाव मिळून एका दिवसात चीवर तयार करते. पहाटे कापूस वेचायचा, सरकी काढायची, सूत कातायचं, विणायचं, शिवायचं, रंगवायचं, अन् दुसरा सूर्य उगवायच्या आत संघाले दान द्यायचं. याले 'कठीण चीवरदान' म्हणतात. वर्षावास संपल्यावर त्याले एकच महिना मिळतो. कार्तिक पौर्णिमा गेली की मंग पुढच्या वर्षी. भंतेजींनी हे बाईले पावसाळ्यातच सांगितलं होतं, अन् तिनं सहलीले हो म्हटलं ते तेवढ्यासाठीच. माह्या रकान्यांत ते नव्हतं, कारण मी तिले विचारलंच नव्हतं.

आता पाहा माही अक्कल. सात वर्षं दर आश्विनात माईक हातात धरून 'चीवरदान कार्तिक पौर्णिमेच्या आत' असं मीच ओरडतो. अन् मीच सहल पौर्णिमेच्या पलीकडे नेऊन ठेवली.

अशा वेळी शहाणा माणूस चूक कबूल करते. मी चिडलो. म्हटलं, खोल्या नाहीत, दहा जणांनी होकार दिला आहे, एका माणसासाठी सगळं फिरवू काय? अन् तिथं जाऊन तू करशील काय, पाहशीलच ना? मंग हा विहार पाहा नाही तर तो पाहा.

ती उठली. दारातून म्हणाली, "पाहाले नाई चाल्ली मी. शिवाले चाल्ली."

रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात सगळ्यांसमोर सांगितलं की दुर्गाबाई येत नाहीत, अकरावं माणूस पाहिजे. भंतेजी म्हणाले, आधी त्यांचं तर ऐकून घ्या. बाई पिशवी घेऊन पुढं आली. पिशवीतून नवं चीवर काढून सतरंजीवर पसरलं. तिले चारचौघांत बोलायची सवय नाही. ती खाली चीवराकडे पाहूनच बोलली.

"आमच्या मायपाशी वावर नव्हतं. मापाशीबी नाई. सातबाऱ्यावर माहं नाव कुठंच नाई. पण धुरे मी लय घातले, हे असे. जिथं सकाळी वेचलेला कापूस दुसऱ्या सकाळी भंतेच्या खांद्यावर जाते, तिथं मले एक धुरा घालाचा हाये. डॉक्टर म्हणते, डोळ्याचा पडदा कमजोर होऊन राहिला. पुढच्या वर्षी सुईत दोरा जाईन का नाई, मले मालूम नाई."

डोळ्याचं मले माहीत नव्हतं. सख्ख्या भावाले माहीत नव्हतं.

पहिल्यांदा चतुराबाई बोलल्या. म्हणाल्या, मले खोली नको, मी विहाराच्या फरशीवर झोपते, तारीख बदला. मंग एकेक करून सगळे हो म्हणाले, अन् ज्या तारखा ठरवायले मी आठ दिवस घेतले होते त्या दहा मिनिटांत बदलल्या. भंतेजींनी फोन करून त्या खेड्यातल्या विहाराच्या सभागृहात राहायची सोयही केली.

पण तिकडून दुसरा निरोप आला. पाहुण्यांचं स्वागत आहे, शिवायले मात्र गावच्याच बाया बसतात. शिवणीले जेमतेम चार तास मिळतात, अन् ती चुकली तर अख्ख्या गावाची मेहनत वाया जाते. पाहुणीबाईंनी बसून पाहावं.

त्यांचं चुकलं नव्हतं. तरी माहं डोकं असं फिरलं म्हणता! माह्या बहिणीले बसून पाहायले सांगतात? त्यांले माहीत आहे काय तिचा हात? भंतेजी हसले. म्हणाले, उपासक, मागच्या आठवड्यात तुमीही हेच म्हणत होते.

मंग मीच सुचवलं, आपण तिचं शिवणं मोबाइलवर घेऊन पाठवू. त्यांनी माप कळवलं, मी कापड आणलं, बाईच्या मशीनसमोर स्टुलावर मोबाइल उभा केला अन् घड्याळ लावलं. दोन तास ती अशी चालली की मी चहाही विसरलो. तिसऱ्या पट्ट्याले शिवण सुताएवढी सरकली. मले तर दिसलीही नाही. बाईनं कातर घेतली अन् वरपासून खालपर्यंत उसवायले बसली. मी म्हटलं, बाई, मोबाइलमध्ये कोणाले दिसते, टाइम जाऊन राहिला. तिनं मान वर केली नाही. पुन्हा जोडलं, किनार लावली, झटकून पसरलं. तीन तास चाळीस मिनिटं, उसवण्यासकट. मी उसवल्याचा भाग कापून टाकणार होतो, पण भंतेजी म्हणाले, सगळं पाठवा.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिथल्या शिवणाऱ्या बायांची जी म्होरकी आहे, सत्तरीची, तिनं सगळं पाहिलं. बाईच्या वेगाबद्दल ती काही बोलली नाही. उसवल्याचा भाग तिनं दोनदा पाहिला अन् गावच्या पोरींले बसवून दाखवला. मंग निरोप दिला की मधला पट्टा अकोल्याच्या बाई शिवतील.

भंतेजींनी हे वाचून दाखवलं तेव्हा मी विहाराच्या पायरीवर बसून रडलो. लोकांनी पाहिलं. पाहू द्या. बाईनं एवढंच विचारलं, तिथली मशीन पायाची आहे का विजेची?

काल दुपारी सगळ्यांचे तिकडे उतरतानाचे अर्ज मोबाइलवर भरत बसलो होतो. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, मंग व्यवसाय. बाकीच्यांचे भरून झाले, निवृत्त शिक्षक, निवृत्त लिपिक. बाई शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडून राहिली होती. तिच्या अर्जात सवयीनं बोट चाललं अन् मी गृहिणी असं इंग्रजीत टाकलं. रेशन कार्डापासून पासपोर्टच्या फॉर्मपर्यंत तिच्या नावापुढं तेच लिहीत आलो. लिहिणारा दर वेळी मीच.

"काय लिवलं?" तिनं विचारलं. मी सांगितलं.

"काट ते," बाई म्हणाली. "ज्याच्यासाठी बलावलं ते लिव."

मी खोडलं अन् लिहिलं, चीवर शिवणारी. तिले मोठ्यानं वाचून दाखवलं. माह्या हातानं भरलेला हा पहिला अर्ज, ज्यात माह्या बहिणीचं काम लिहिलेलं आहे.